‘टीबी? तुला?’

‘टीबी? तुला? पण तुम्ही तर मुलुंडला राहता ना!’

गेल्या वर्षी हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं की शेवटी हसूच यायला लागलं. जणू काही टीबीचे जंतू आधी पिनकोड विचारतात आणि मगच घरात शिरतात! बॉस, ज्या लोकलमध्ये आपण एकमेकांच्या खांद्यावर श्वास सोडत उभे असतो, तिथली हवा फर्स्ट क्लास-सेकंड क्लास बघत नाही. जगातल्या दर चार टीबी पेशंट्सपैकी साधारण एक भारतात असतो. तो बँकेत असतो, बीपीओत असतो, तुमच्या शेजारच्या क्युबिकलमध्येही असू शकतो.

माझी केस तशी साधी. तीन आठवडे खोकला, संध्याकाळी बारीक ताप, पाच किलो वजन गायब. (यावर ‘कुठलं डाएट गं?’ विचारणाऱ्या दोन मैत्रिणी भेटल्या!) मग थुंकीची सीबीनॅट टेस्ट. टीबी आहे का आणि रिफाम्पिसिन हे मुख्य औषध त्यावर चालेल का, दोन्ही हे मशीन साधारण दोन तासांत सांगतं. माझ्या जंतूंवर ते चालणार होतं. म्हणजे सहा महिने. पहिले दोन महिने चार औषधं एकाच गोळीत, पुढचे चार महिने तीन. किती गोळ्या, ते वजनावर. मी ४६ किलो, म्हणून रोज तीन. पालिकेच्या केंद्रात फुकट.

पहिल्याच दिवशी बाथरूममध्ये किंचाळले. लघवी चक्क केशरी! रिफाम्पिसिनमुळे तसं होतं, घाबरायचं नसतं. अश्रूंचाही रंग बदलतो, त्यामुळे कॉन्टॅक्ट लेन्स गेल्या आणि कॉलेजातला चष्मा परत आला. मळमळ, गुडघेदुखी, फोडणीचा वास नकोसा होणं... हे सगळं महिनाभर. मग हळूहळू भूक लागायला लागली.

‘क्वालिटी ऑफ लाइफ’ म्हटलं की आपल्याला स्पा, वीकेंड होम वगैरे आठवतं. डॉक्टरांच्या जगात त्याचा चक्क फॉर्म असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या छोट्या फॉर्मात २६ प्रश्न आहेत. झोप कशी लागते, पैसे पुरतात का, मित्रांचा आधार मिळतो का, इथपासून ते सेक्स लाइफपर्यंत. एका स्टोरीच्या निमित्ताने तो हाती लागला आणि तिसऱ्या महिन्यात मी गंमत म्हणून भरून पाहिला. शरीराचे मार्क झकास होते. बाकीच्यांनी पार माती खाल्ली होती.

कारण सोपं आहे. आजारी दिसत होते तोवर सगळे विचारत होते. वजन वाढलं, गालावर रंग आला आणि लोकांच्या लेखी मी बरी झाले. गोळ्या मात्र अजून तीन महिने चालूच राहणार होत्या. थकवाही होताच. त्यात फ्रीलान्सरला सिक लीव्ह कुठली? एका एडिटरला खरं सांगितलं. ‘तू आराम कर गं,’ ती प्रेमाने म्हणाली. मग कामं यायची बंदच झाली. प्रेमाने.

शुक्रवारचं आणखी वेगळंच. लिव्हर जपायचं म्हणून दारू बंद. एक महिना ‘अँटिबायोटिक चालू आहे’ चालतं. तिसऱ्या महिन्यात लोक पोटाकडे बघायला लागतात! त्यावरून आठवलं. रिफाम्पिसिन चालू असताना गर्भनिरोधक गोळ्यांचा भरवसा राहत नाही. हे मला वाचून कळलं. डॉक्टरांनी ‘लग्न झालंय?’ विचारलं, मी ‘नाही’ म्हटलं आणि विषय संपला. सव्विशीतल्या किती मुलींचा विषय असाच संपत असेल?

योग्य औषधं सुरू झाली की काही आठवड्यांत संसर्गाचा धोका झपाट्याने कमी होतो. आईला हे पटलं. मावशीने मात्र तिच्या घरी माझा कप वेगळा ठेवला, तळाशी नेलपॉलिशचा ठिपका लावून. ‘कोणाच्या डब्यातलं खाता येतं?’ हा प्रश्न त्या २६ मध्ये नाही. आपल्याकडे तो पहिला हवा.

केंद्राच्या बाकावर ओढणीने तोंड झाकलेली एक मुलगी भेटायची. घाटकोपरच्या मॉलमध्ये काम करते, राहते तिकडेच. ओळखीचं कोणी दिसू नये म्हणून मुलुंडपर्यंत यायची. महिन्याला खात्यात येणारे १,००० रुपये (नोव्हेंबर २०२४ पर्यंत ५०० होते) दूध-अंड्यांसाठी असतात. तिचे त्यातले बरेचसे रिक्षात जायचे.

अमिताभ बच्चनला २०००मध्ये ‘कौन बनेगा करोडपती’ सुरू होताना मणक्याचा टीबी निघाला होता. आपण घरी बसून ‘लॉक किया जाए’ ऐकत होतो आणि त्याला खुर्चीत बसणं मुश्किल होतं. पुढे त्याने हे जाहीरपणे सांगितलं. पण नंदिता वेंकटेशनची गोष्ट मला जास्त जवळची वाटते. मुंबईची पत्रकार, भरतनाट्यम् करणारी. आतड्याचा टीबी दुसऱ्यांदा झाला, कानामायसिनची इंजेक्शनं सुरू झाली आणि २०१३मध्ये तिचे कान गेले. जीव वाचला, ऐकू येणं गेलं. २०१९मध्ये तिने आणि दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा तिसिलेने बेडाक्विलिनची मक्तेदारी वाढवायला पेटंट ऑफिसात विरोध केला आणि मार्च २०२३मध्ये कंपनीचा अर्ज फेटाळला गेला. या औषधामुळे रेझिस्टंट टीबीवरही आता इंजेक्शनशिवाय, नुसत्या गोळ्यांचा सहा महिन्यांचा कोर्स आहे. सरकारने तो सप्टेंबर २०२४मध्ये मंजूर केला. कानांची किंमत न मोजता बरं होणं, ही माझ्या मते खरी क्वालिटी ऑफ लाइफ.

माझा कोर्स संपून पाच महिने झाले. एक्स-रे स्वच्छ आहे, लेन्स परत आल्या आहेत, अंधेरीतलं एक नवं काम मिळालंय. मावशीने एक स्थळही आणलंय, बोरिवलीचं. मुलगा सॉफ्टवेअरमध्ये. मी म्हणते, पहिल्याच भेटीत सांगणार. बायोडेटात लिहायचं की नाही, यावर आई आणि मावशीचं रोज रात्री फोनवर चालू आहे.