तळ्याकाठचा पाळिया

करजणच्या वेशीबाहेर तळ्याच्या काठी एक कोरीव दगड उभा आहे. त्यावर भालाधारी घोडेस्वार, माथ्यावर एका अंगास सूर्य व दुसऱ्या अंगास चंद्र. खाली कधीकाळी अक्षरे होती. ती शेंदराच्या पुटांखाली दिसेनाशी झाली आहेत. गुजरातेत यास पाळिया म्हणतात. शाळेत जाता-येता आम्ही त्यास नमस्कार करीत असू. तो कोण हे ठाऊक होते म्हणून नव्हे, बरोबरचे गुजराती सवंगडी करीत म्हणून!

वडील म्हणत, "अरे, हा तर आपल्याकडचा वीरगळच." पुढे महाराष्ट्रात वीरगळ पाहिले, तेव्हा दोहोंतील भेदही ध्यानी आला. वीरगळाची कथा खालून वर वाचावयाची : तळाशी लढाई आणि मृत्यू, मधे वीरास स्वर्गी नेणाऱ्या अप्सरा, वर शिवलिंगापुढे हात जोडून बसलेला तोच वीर. बोरिवलीजवळ एकसर येथील वीरगळांवर तर जहाजांची लढाई कोरली आहे. पाळियावर बहुधा एवढा पसारा नसतो. एकटा माणूस, आणि चंद्रसूर्य असेतो त्याचे नाव राहो ही इच्छा.

स्मृतिशिला वीरांसाठीच उभारीत असे मात्र नाही. कच्छात अंधौ येथे सापडलेल्या शिला शके ५२, म्हणजे इ. स. १३० च्या. मदन नावाच्या गृहस्थाने आपली बहीण, भाऊ आणि पत्नी यांच्यासाठी त्या उभ्या केल्या. प्राचीन ग्रीकांचेही तसेच. अथेन्सच्या केरामैकोस स्मशानभूमीतील हेगेसोच्या शिळेचे छायाचित्र आम्ही एका पुस्तकात पाहिले. ही शिळा इसवी सनापूर्वी पाचव्या शतकाच्या अखेरीची. आसनावर बसलेली हेगेसो दासीने पुढे धरलेल्या पेटीतून एक दागिना उचलून पाहते आहे. वर तिचे व पित्याचे नाव, बस्स. मरणाचा उल्लेखही नाही. ते चित्र पाहून आम्हांस का कोण जाणे, आरशाच्या पेटीपुढे बसून कुंकू लावणारी आमची आई आठवली.

आमच्या घराण्याचा मात्र एकही दगड या भूमीवर नाही. वडील १९७८ साली गेले. अस्थी घेऊन आम्ही डभोईमार्गे छोट्या गाडीने चांदोदला गेलो आणि नर्मदा-ओरसंगाच्या संगमावर त्या सोडल्या. आजोबांच्याही तेथेच सोडल्या होत्या. डभोईजवळच भिलापुरास १ एप्रिल १७३१ रोजी बाजीराव आणि सेनापती त्रिंबकराव दाभाडे यांची लढाई झाली. सेनापती पडले. मराठेच मराठ्यांशी लढले. सेनापतींचे नाव इतिहासात राहिले. पण त्यांच्यासवे पडलेल्या शिपायांची नावे कोणी कोठे कोरली असतील?

गेल्या वर्षी नातीने विचारले, "आजोबा, पणजोबांचा दगड कुठे आहे?" आम्ही संगमाचे सांगितले. ती म्हणाली, "पण पाण्यावर नाव कसं लिहिणार?" आम्हांस उत्तर सुचले नाही.

या पाळियास शेंदूर लावावयास एक म्हातारी दर काळी चौदशीस येत असे. ती आता येत नाही. तिची मुले दूर शहरात गेली असे कळले. या खेपेस तेलशेंदूर घेऊन आम्हीच निघालो. नात पुढे धावली. घोड्याच्या पायाशी माती साचली होती, ती तिने आधी हाताने बाजूस केली.