पाटीवर लिहावे तेच विकावे

आम्ही दोघी जावा पुसदला घरीच नमाजचे दुपट्टे, जानमाज आणि लहान मुलींचे हिजाब शिवतो. दोन शिलाई मशिनी आणि एक मोबाइल, एवढेच आमचे दुकान. मुलांच्या शाळेची फी यातूनच जाते. पूर्वी माल ओळखीच्या घरांत जायचा. आता इंटरनेटवरच्या पानांमुळे लांबच्या गावांहूनही मागणी येते. ती येईल की नाही, हे बरेचसे एका ओळीवर ठरते. ती ओळ म्हणजे पानाचे शीर्षक.

गूगलवर काही शोधले की जी ठळक ओळ दिसते, ती बहुधा या शीर्षकाचीच असते. बाजारात गिऱ्हाईक कापडाला हात लावून पाहते. इथे हात लावता येत नाही, आधी ओळच वाचावी लागते. म्हणून ‘नवीन माल’ किंवा ‘आमची खास वस्तू’ अशी शीर्षके कामाची नाहीत. असे शब्द टाइप करून कोणी जानमाज शोधत नाही.

शब्द आपल्या सोयीचा नको, गिऱ्हाइकाच्या तोंडचा हवा. कोणी मुसल्ला म्हणते, कोणी जानमाज, कोणी नमाजची चटई. पुष्कळ जण हेच शब्द रोमन लिपीत टाइप करतात. गूगलमध्ये पहिली काही अक्षरे टाइप केली की खाली सूचना येतात. लोक काय शोधतात याचा अंदाज त्यावरून येतो, आणि त्याला पैसेही लागत नाहीत. दोन नावे चालत असतील तर एक शीर्षकात घालावे, दुसरे खालच्या वर्णनात. तोच शब्द चार वेळा कोंबून फायदा नाही. अशा वेळी गूगल स्वतःच दुसरी ओळ दाखवू शकते. ॲमेझॉननेही 2025 मध्ये बहुतेक वस्तूंच्या शीर्षकाला 200 अक्षरांची मर्यादा घातली आणि तोच शब्द दोनपेक्षा जास्त वेळा घेऊ नये असा नियम केला. मोबाइलवर लांब ओळ मध्येच तुटते. म्हणून आधी वस्तूचे नाव, मग कापड, मग आकार आणि दुकानाचे नाव शेवटी, असा क्रम आम्ही ठेवतो. प्रत्येक वस्तूच्या पानाला शीर्षकही वेगळे देतो.

खरा वाद झाला तो कापडाच्या नावावरून. पान तयार करून देणारा मुलगा म्हणाला, “भाभी, ‘प्युअर कॉटन’ लिहा. लोक तेच शोधतात.” धाकट्या दिरांनी भर घातली, “आपला यवतमाळ जिल्हाच कापसाचा. ‘यवतमाळचे अस्सल सुती’ लिहिले तर कोण विचारायला येणार आहे?”

लोक तेच शोधतात, हे खरे. पण इथल्या शेतातला कापूस जिनिंगमध्ये सरकी वेगळी होऊन, गाठी बांधून बाहेर जातो. आमच्या दुपट्ट्याचे कापड मालेगावच्या यंत्रमागावरचे आहे आणि त्यात पॉलिएस्टर आहे.

प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारात धान्याच्या ढिगात हात घातला, तेव्हा आतले धान्य ओले लागले. पावसाने भिजले, असे विक्रेत्याने सांगितले. त्यावर, ते लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही, असा सवाल त्यांनी केला. आमच्या मते शीर्षक हा त्या ढिगाचा वरचा थर आहे. देशाचा कायदाही हेच सांगतो. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, 2020 प्रमाणे विक्रेत्याची जाहिरात वस्तूच्या प्रत्यक्ष गुणांशी जुळली पाहिजे.

शेवटी आम्ही लिहिले, ‘बाहीचा नमाज दुपट्टा, कॉटन-पॉलिएस्टर, लवकर वाळणारा, मोठा आकार’. शुद्ध सुती शोधणारी गिऱ्हाइके यामुळे आमच्याकडे येत नाहीत आणि ते नुकसान महिनाअखेरीस जाणवते. पण मिश्र कापडाचेही गिऱ्हाईक असते. उमराहला किंवा प्रवासाला निघालेल्या बाईला लवकर वाळणारा, इस्त्री कमी लागणारा दुपट्टाच हवा असतो. तिला हव्या असलेल्या शब्दांनीच ती आमच्यापर्यंत येते.

घरून व्यवसाय करणाऱ्या भगिनींना आमचे एवढेच सांगणे आहे. शीर्षक लिहून झाले की पार्सल उघडणाऱ्या बाईचा विचार करा. एका हातात वस्तू आणि दुसऱ्या हातात मोबाइल धरून तिने ती ओळ पुन्हा वाचली, तर दोन्ही जुळले पाहिजे. रिज्कमध्ये बरकत मागायची तर सुरुवात त्या ओळीपासूनच करावी लागते.