ठरलेला पराभव

युजी होरी यांचा 'ड्रॅगन क्वेस्ट ५' हा जपानी संगणकीय खेळ १९९२चा. नातवाच्या शेजारी बसून मी तो पाहिला. बालवयातील नायक गेमा या खलपुरुषाशी झुंजतो आणि हरतो. निकाल रचनाकाराने आधीच लिहून ठेवलेला. मग पिता पापास येतो, गेमाच्या दोन्ही सेवकांना लोळवतो. पण बेशुद्ध मुलाच्या गळ्याशी पाते लागताच त्याचा प्रतिकार थांबतो. लढत पुन्हा सुरू होते, मात्र खेळणाऱ्याच्या हाती एकही आज्ञा उरलेली नसते. पापास निमूट घाव सोसतो आणि अखेर जळून जातो.

"आजोबा, माझं काय चुकलं?"

मला उत्तर सुचले नाही. रावणाचे बळ आपण वर्णनातून जाणतो. गेमाचे बळ त्या पोराच्या निरुपयोगी झालेल्या बोटांना कळले होते. खेळणाऱ्याला सारी औषधी खर्चू देऊन मग हरवणारे खेळही असतात. ती मला निव्वळ लबाडी वाटते. त्या दुसऱ्या लढतीत निदान खोटी आशा तरी नाही.

पुढे नायकाची दहा वर्षे गुलामीत जातात. पडद्यावर तो काळ क्षणात सरला. नातवाने डोळे पुसले आणि विचारले, "गेमा आता कुठे असेल?"