बीज तेच, तर पीकही तेच? संगणकातील यादृच्छिक आकड्यांची कथा

१/ सन १९४६. गंभीर आजारातून उठलेले गणितज्ञ स्टॅनिस्लाव उलाम विश्रांतीच्या दिवसांत एकट्याने पत्त्यांचा डाव मांडत बसत. डाव सुटण्याची शक्यता किती, हे सूत्राने काढणे जिकिरीचे होऊ लागले. तेव्हा त्यांच्या मनात आले, शंभर डाव खेळून सुटलेले डाव नुसते मोजले तर?

२/ ही कल्पना त्यांनी जॉन फॉन नॉयमन यांच्यापाशी बोलून दाखवली. लॉस अलामॉसच्या प्रयोगशाळेत न्यूट्रॉनांचे कोडे असेच होते. न्यूट्रॉन विखुरेल, शोषला जाईल की नव्यांना जन्म देईल, हा प्रत्येक पावलाला नशिबाचा कौल. पुढे या पद्धतीला जुगारासाठी प्रसिद्ध असलेल्या मॉन्टे कार्लोचे नाव मिळाले.

३/ कौल लावायचा तर आकडे हवेत, तेही हजारोंनी. एनियाक हा संगणक मात्र सांगितले तेवढेच करणारा. फॉन नॉयमन यांनी तोड सुचवली : एक आकडा घ्यावा, त्याचा वर्ग करावा, मधले अंक उचलावेत आणि त्यांचा पुन्हा वर्ग करावा.

४/ उदाहरणार्थ, १२३४ चा वर्ग ०१५२२७५६. मधले अंक ५२२७. त्याचा वर्ग २७३२१५२९. पुढचा आकडा ३२१५, त्यानंतर ३३६२. पाहणाऱ्याला यात संगती सापडत नाही. पण पहिला आकडा ज्याला ठाऊक, त्याला सारी मालिका ठाऊक. या पहिल्या आकड्यालाच ‘सीड’ म्हणजे बीज म्हणतात.

५/ मग खरे फासे का नकोत? रँड कॉर्पोरेशनने विद्युत्‌स्पंदांवर चालणारे एक प्रकारचे रूलेट उभारले आणि १९५५ मध्ये दहा लाख यादृच्छिक अंकांचे पुस्तकच छापले. फॉन नॉयमन यांचा आक्षेप व्यवहारातला होता. गणित चुकल्याचा संशय आला, तर ते पुन्हा करून पाहावे लागते. आणि टाकलेला फासा पुन्हा तसाच पडत नाही. बीज लिहून ठेवले, तर सारे गणित पहिल्यापासून जसेच्या तसे मांडता येते.

६/ या सोयीची किंमत होती. २५०० हे बीज घेतले, तर वर्ग ०६२५००००, आणि मधले अंक पुन्हा २५००! ६१०० पासून निघालेली मालिका २१००, ४१००, ८१०० करीत पुन्हा ६१०० वर येते. अंकगणितातून यादृच्छिकता काढू पाहणारा पापाचा धनी होतो, अशा आशयाचा विनोद खुद्द फॉन नॉयमन यांनीच केला होता.

७/ पुढे रीती सुधारल्या, पण बीज एकटे पुरेसे नाही, हे पुन्हा पुन्हा दिसत राहिले. २०१९ मध्ये ‘आर’ या संख्याशास्त्रीय भाषेच्या ३.६.० आवृत्तीत नमुना निवडण्याची रीत बदलली, कारण जुनीत सूक्ष्म कल होता. परिणामी जुन्या प्रोग्रॅममध्ये तेच बीज घालूनही वेगळा नमुना येऊ लागला. जुना निकाल हवा असेल, तर जुनी रीत मुद्दाम मागावी लागते. म्हणून बीजासोबत रीत आणि आवृत्तीही नोंदवणे आले.

८/ आणि जिथे आकडे कुलपाचे काम करतात, तिथे हाच गुण घातक. १९९५ मध्ये नेटस्केप या ब्राउझरच्या गुप्त किल्ल्यांचे बीज मुख्यतः घड्याळाच्या वेळेवरून आणि संगणकातील प्रक्रियांच्या क्रमांकांवरून बनते, हे बर्कलीच्या दोन विद्यार्थ्यांनी उघड केले. बीजाचा अंदाज बांधता आला, की किल्ली हाती येत होती.

९/ संशोधकाने बीज उघड करावे, म्हणजे दुसऱ्याला त्याचा निकाल पडताळता येतो. कुलूप घडवणाऱ्याने ते असे निवडावे, की कोणाला ताडताच येऊ नये. यंत्र दोघांचेही सारखेच आज्ञाधारक. आपले काम कोणत्या जातीचे, हे मात्र ज्याचे त्यालाच आधी ठरवावे लागते.