उघड्या डोळ्यांनी ताम्हिणी

ताम्हिणी घाटातून मी पंधरा वर्षं ये-जा करते आहे, पण तो घाट मी कधी पाहिलाच नव्हता. माझं माहेर निजामपूरच्या अलीकडचं एक लहानसं गाव, सासर आणि नोकरी पुण्यात. मला एसटी लागते. मुळशीचं पाणी दिसायला लागलं की मी मुठीत लिंबू धरून डोळे मिटायचे, ते विळ्याच्या फाट्यावर उघडायचे. मधला घाट म्हणजे पोटात ढवळणं, डाव्या-उजव्या खांद्यावर आळीपाळीने येणारा शेजारणीचा भार आणि नखाने टोकरलेल्या सालीचा वास.

वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी, गेल्या फेब्रुवारीत, मी स्कूटर शिकले. तेव्हा शाळेत जाण्यापुरतीच शिकले होते. पण मे महिन्यात पक्कं लायसन्स हातात आलं त्याच दिवशी मनात आलं, की आता घाट बघता येईल. गाडी चालवणाऱ्याला गाडी लागत नाही, कारण वळण कधी येणार हे त्याच्या अंगाला आधीच ठाऊक असतं. हे मी स्वतःवर आधी मुठा नदीकाठच्या रस्त्यावर आणि मग भूगावच्या चढावर पडताळून पाहिलं. खरंच, मला काही झालं नाही.

पावसाळ्यात जायचं नाही, एवढं एकच पहिल्या दिवसापासून पक्कं होतं. सगळी पुण्या-मुंबईची माणसं धबधब्यांसाठी तेव्हाच जातात, हे माहीत असूनही. जुलै २०२४ मध्ये ताम्हिणीत एका दिवसात साडेपाचशे मिलिमीटरच्या वर पाऊस पडला होता. तो आकडा वाचल्यावर दरडी आणि वाहून आलेली माती यांची वेगळी कल्पना करावी लागली नाही. नवरात्र संपलं, पिकं पिवळी पडायला लागली आणि मग मी दसऱ्यानंतरचा बुधवार ठरवला. शनिवार-रविवारी घाटात गाड्यांची रांग लागते.

बाकी सगळा गोंधळ होता. ज्याला विचारावं तो वेगळं सांगे. शाळेतले एक सर म्हणाले, पुढच्या ब्रेकला हातच लावू नका, तोंडावर आपटाल. भाच्याने सांगितलं, "मावशी, थांबवण्याची खरी ताकद पुढच्याच ब्रेकमध्ये असते." शेजारच्या काकांनी सल्ला दिला की उतारावर इंजिन बंद करायचं, पेट्रोल वाचतं. दादाने मुंबईहून फोन केला. "तुला गाडी येऊन आठ महिने झालेत. शंभर किलोमीटर, त्यात घाट. एसटी आहे ना?" त्याच्या बोलण्यात राग नव्हता, काळजी होती, म्हणून मला उत्तर देता येईना. आई तेवढी म्हणाली, "ये. पण उजेडाची ये."

मी वहीत मधोमध रेघ मारून दोन्ही बाजू लिहून काढल्या. एका बाजूला दरी, ट्रक, पंक्चर, रेंज नसणं, एकटीने असणं. दुसऱ्या बाजूला बराच वेळ काही लिहिता आलं नाही. शेवटी "घाट" असा एकच शब्द लिहिला. रेघेच्या दोन्हीकडचं एकमेकांत वजा होईना. भीतीची यादी करता येते, ओढीची करता येत नाही. मग मी गॅरेजमध्ये गेले.

आमच्या गल्लीतले मिस्त्री साठीचे आहेत. त्यांनी आधी टायर दाबून पाहिले, मग मागचं चाक खोलून ब्रेकचे लायनर बदलले. तीन सल्ले मी त्यांच्यापुढे ठेवले, तेव्हा त्यांनी हात पुसले आणि नीट समजावून सांगितलं. माझ्या गाडीला कॉम्बी ब्रेक आहे, म्हणजे डावा लिव्हर दाबला की मागचा आणि थोडा पुढचाही लागतो. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपर्यंतच्या नव्या दुचाकींना निदान तो तरी सक्तीचा झाला. वळणात शिरायच्या आधी, गाडी सरळ असतानाच वेग कमी करायचा. वळणात असताना, आणि खडीवर तर नाहीच, कुठलाही ब्रेक कचकन दाबायचा नाही. इंजिन बंद करून कधीच उतरायचं नाही.

"आणि ताई, उतारावर मधूनमधून चिमूटभर रेस द्यायची."

मला वाटलं माझ्या ऐकण्यात चूक झाली. उतारावर रेस द्यायची?

ते म्हणाले, मोटरसायकलचा गियर खाली टाकला की इंजिनच गाडीला मागे धरून ठेवतं. स्कूटरला हाताने टाकायचा गियर नाही. रेस सोडली तरी इंजिन थोडं धरतंच, पण गाडी फार हळू झाली की आतला क्लच सुटतो आणि मग ती नुसती घरंगळते. सगळा भार ब्रेकवर येतो. छोटे ड्रम तापतात. तापले की पकड जाते. म्हणून थोडी रेस द्यायची, क्लच पकडल्याचं हाताला कळतं, मग सोडायची. इंजिन पुन्हा धरतं. मी मान डोलावली. खरं सांगायचं तर तेव्हा मला यातलं निम्मंही कळलं नव्हतं.

बुधवारी सकाळी साडेसहाला निघाले. चांदणी चौक, भूगाव, पिरंगुट. रोजच्या कामावर जाणाऱ्यांची गर्दी. पौडला टाकी भरून घेतली आणि पुढे रस्ता माझा झाला.

मुळशी धरणाच्या पाण्याशी मी पहिल्यांदा थांबले. एसटी इथे कधी थांबत नाही. धुकं पाण्यापासून वीतभर उंचीवर तरंगत होतं आणि पलीकडचे डोंगर त्यावर ठेवल्यासारखे दिसत होते. या धरणाविरुद्ध १९२१ साली इथल्या शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला. पांडुरंग महादेव बापट याच लढ्यात सेनापती झाले. मी हा धडा मुलांना शिकवते. ज्या जमिनी गेल्या त्या या पाण्याखाली आहेत, हे वाक्य मी फळ्यासमोर उभी राहून कितीदा बोलले असेन. त्या पाण्याच्या काठावर पाय टेकवून उभं राहिल्यावर ते मला मोठ्याने म्हणता आलं नसतं. हेच पाणी डोंगरातून भिऱ्याला नेऊन खाली सोडतात, त्यावर वीज होते. जवळपास पाचशे मीटरची ती उडी. मलाही आज जवळजवळ तेवढंच उतरायचं होतं.

ताम्हिणी गावात विंझाईच्या देवळाशी चपला काढल्या, नमस्कार केला, पाणी प्यायले. पुढे झाडी दाट झाली. हा सगळा भाग २०१३ पासून अभयारण्य आहे. शेकरू दिसला नाही, पण झाडीत शिरताना अंगाला थंडावा लागायचा आणि वळणाबाहेर येताच ऊन पाठीवर पडायचं, असं दर मिनिटाला होत होतं. एसटीच्या काचेआड हे कधी कळलं नव्हतं. ओल्या पाल्याचा वास, मग अचानक कुणाच्या तरी चुलीच्या धुराचा, मग भाताच्या पिकाचा. सोनकीची पिवळी फुलं कड्याच्या भेगांतून रस्त्यावर आलेली. मी तीसच्या वर गेले नाही. मागून गाडी आली की डावीकडे होऊन तिला जाऊ द्यायची. कुणी घाई केली नाही आणि मलाही ती वाटली नाही.

दरीच्या बाजूला कठड्यापलीकडे बघायची मला सर्वांत जास्त धास्ती होती. वहीत पहिला शब्द तोच होता. एका रुंद जागी गाडी लावून मी बघितलं. खाली कुंडलिकेचं खोरं, दोन्ही बाजूंना काळे सरळ कडे, एका कड्यावरून अजून बारीक धार पडत होती, पण एवढ्या लांबून तिचा आवाज येत नव्हता. पंधरा वर्षं मी याच्या कडेने डोळे मिटून गेले होते. रडू आलं. ते आवरायची काही गरज नव्हती, तिथे कुणीच नव्हतं.

पुढच्या उताराने मात्र दरीची भीती बाजूला सारली. उतार लागला तसा माझा डावा हात लिव्हरवरून निघेना. वेग वाढेल या धास्तीने मी तो सतत थोडा दाबून धरला होता. चार-पाच वळणं झाली. मग एका वळणाआधी दाबला तर तो नेहमीपेक्षा बराच आत, जवळजवळ मुठीपर्यंत आला, आणि गाडी हवी तेवढी मंदावली नाही. नाकात जळल्यासारखा वास शिरला. समोरून एसटी चढत होती. वळणाच्या आतल्या बाजूला बारीक खडी पसरलेली. मी दोन्ही लिव्हर आवळले नाहीत. हे मला सुचलं कसं, ते आजही सांगता येत नाही. उजवा हळूहळू दाबला, गाडी सरळ ठेवली आणि वळणाच्या अलीकडे साइडपट्टीवर पाय टेकले. चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, हा नियम लायसन्सच्या परीक्षेसाठी पाठ केला होता. या वेळी तो पाळला गेला तो केवळ मला थांबता आलं म्हणून. चालकाने जाताना माझ्याकडे पाहून हात वर केला. पाय लटपटत होते.

मागच्या चाकाजवळ हात नेला तर आच लागत होती. पाणी ओतावंसं वाटलं, ओतलं नाही, कारण मिस्त्रींनी मना केलं होतं. फोनला रेंज नव्हती. मी दगडावर बसून अर्धा तास थांबले. त्या अर्ध्या तासात मला "चिमूटभर रेस" समजली. मी एकीकडून ब्रेक दाबत होते आणि इतकी हळू चालले होते की इंजिन गाडीला धरतच नव्हतं. सावध राहण्याच्या नावाखाली मी ब्रेक तापवत आणले होते.

पुन्हा निघाले तेव्हा मोकळ्या उतारावर ब्रेक सोडला. ते करायला लिव्हर आवळण्यापेक्षा जास्त धीर लागला. चिमूटभर रेस दिली. गाडी किंचित पुढे ओढली गेली, मग रेस सोडताच इंजिनाचा आवाज जड झाला आणि कुणी मागून पदर धरावा तशी ती आपोआप आवरली. वळणाआधी सरळीत ब्रेक, सोडायचा, वळायचं, पुन्हा चिमूट. वळणं पाठोपाठ येत होती आणि मी ती मोजायचं विसरले. विळ्याच्या फाट्यावर हवा दमट झाली, कोकणातली झाली. ब्रेक पुन्हा पहिल्यासारखा लागत होता. घामाने ब्लाऊज पाठीला चिकटला होता.

साडेबाराला अंगणात गाडी लावली. आईने आधी माझा चेहरा पाहिला, मग गाडी. हॅण्डलवर हात ठेवून ती म्हणाली, "हलकी वाटते गं." ब्रेकचं मी तिला सांगितलं. लपवायचं ठरवलं होतं, पण जेवताना सांगून टाकलं. ती काही बोलली नाही, पानात भात वाढला. दादालाही संध्याकाळी फोनवर सगळं सांगितलं. तो बराच वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "परत येताना चढ आहे, ब्रेकचं एवढं नाही. पण आभाळ बघून निघ."

गुरुवारी दुपारी परतायचं होतं. सकाळपासून उकडत होतं आणि अकराच्या सुमाराला घाटमाथ्यावर काळं जमायला लागलं. परतीच्या पावसाची लक्षणं आमच्याकडे लहान पोरंही ओळखतात. शुक्रवारी शाळेत घटक चाचणी होती. मी ओट्यावर बसून तासभर डोंगराकडे बघत राहिले. या वेळी वही काढली नाही. पुण्यातल्या खोलीत बसून घाटाबद्दल ठरवणं वेगळं आणि घाट समोर असताना ठरवणं वेगळं. मुख्याध्यापिकांना फोन करून रजा वाढवून मागितली. त्यांचा आवाज नाराज होता. तीनला विजा कडाडल्या आणि पाऊस कोसळला. मी आणि आई वाल सोलत बसलो.

शुक्रवारी उजाडताना आभाळ धुतल्यासारखं होतं. आई फाटकापर्यंत आली आणि सवयीने माझ्या मुठीत लिंबू ठेवलं. मग तिच्याच लक्षात आलं आणि ती हसली. मी ते परत दिलं नाही. डिकीत रेनकोटच्या घडीवर ठेवलं आणि रस्ता वाळण्यासाठी अजून अर्धा तास तिच्याजवळ थांबले.