पिट्ठू आणि दप्तर

झाशीत एप्रिल लागला की सकाळी सातलाच ऊन अंगावर येतं. शाळेची बस आमच्या क्वार्टरच्या कोपऱ्यावर पावणेसातला येते. गेल्या एप्रिलमध्ये एका सकाळी मी लेकीला बसपर्यंत सोडायला गेलो. पंधरा वर्षांच्या संसारात असे प्रसंग मोजकेच. एप्रिल महिना मी बहुतेक वेळा कुठल्यातरी डोंगरावर काढलेला. बस आली, लेक चढू लागली आणि मी मदत म्हणून तिचं दप्तर उचललं. माझा खांदा चक्क खाली गेला.

संध्याकाळी विमानप्रवासासाठी घेतलेला हुकाचा काटा काढला आणि दप्तर लटकवलं. सात किलो चारशे ग्रॅम. लेक आठवीत, वजन एक्केचाळीस किलो. केंद्राच्या २०२०च्या दप्तर धोरणात म्हटलंय की दप्तर मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांपेक्षा जड नसावं. आठवीसाठी अडीच ते चार किलो, तिसरीसाठी एक किलो सातशे ते अडीच. तिसरीतल्या धाकट्याचं दप्तर भरलं दोन किलो नऊशे. हा विषय काही नवा नाही. आर. के. नारायण यांनी १९८९ साली राज्यसभेत दप्तराच्या ओझ्यावर भाषण केलं, १९९३ साली यशपाल समितीचा अहवाल आला, २०१५ साली महाराष्ट्र सरकारने आदेश काढला. पण हे सगळं वर्तमानपत्रात वाचणं वेगळं आणि आपल्याच पोरीच्या खांद्यावर पट्ट्याचे लाल वळ बघणं वेगळं.

ओझ्याचा विषय निघाला की फौजी माणसाला वाटतं, यातलं मला कळतं. खडकवासल्याला पहिल्या टर्मला सगळ्यात आधी जे पाठीवर चढतं त्याला फौजेत पिट्ठू म्हणतात. त्यात काय असायचं ते यादीप्रमाणे: मेसटिन, मग, ग्राउंडशीट, मोज्यांचे जादा जोड, आणि सुई-दोरा-बटणांची एक छोटी पिशवी, जिला फौजेत आजही ‘हाउसवाइफ’ म्हणतात. एक वस्तू कमी निघाली तर पिट्ठू चढवून मैदानाला फेऱ्या. एकदा आमच्यातल्या एका पठ्ठ्याने वजन वाचवायला आत उशी कोंबली होती. पिट्ठू कसा टम्म दिसत होता! सीनियरने एका हाताने उचलून पाहिला आणि त्या रात्री आम्ही सगळ्यांनीच फेऱ्या मारल्या. तेव्हा शिकलो ते एवढंच की यादीतलं सगळं हवं आणि यादीबाहेरचं काही नको.

तोच न्याय मी रविवारी लेकीच्या दप्तराला लावला. चादर अंथरली आणि म्हटलं, “किट लेआउट!” तिने तोंड वाकडं केलं, पण दप्तर उपडं केलं. सात पाठ्यपुस्तकं, चार वर्कबुकं, अकरा वह्या (बहुतेक विषयांची वर्गाची एक, घरची एक), चित्रकलेची वही, कंपासपेटी, डबा, काठोकाठ भरलेली लिटरभर पाण्याची बाटली. आणि सगळ्यात खाली घडी घातलेला रेनकोट.

“झाशीत? एप्रिलमध्ये?”

“शिलाँगला रोज लागायचा,” ती म्हणाली.

आमचं आधीचं ठाणं शिलाँग. रेनकोट बाजूला ठेवला. मग वेळापत्रक मागवलं. सोमवारी भूगोल नाही, पुस्तक बाहेर. घरच्या वह्या तपासायचा वार ठरलेला, बाकीच्या बाहेर. पाण्याची बाटली अर्धी, शाळेत फिल्टर आहे. दहा मिनिटांत दप्तर चार किलो दोनशेवर आणलं आणि एखादी पोस्ट जिंकल्यासारखा उभा राहिलो.

सोमवारी सकाळी बसपाशी दप्तर परत हाताला लागलं. परत सात किलो.

मी जरा चिडलोच. आवाज चढला. लेक थोडा वेळ गप्प राहिली आणि मग हळूच म्हणाली, “बाबा, बाईंनी अचानक दुसरं पुस्तक काढायला सांगितलं आणि माझ्याकडे नसलं, तर मी मागू कोणाकडे?”

बस निघून गेली. मी तिथेच उभा.

आठवीपर्यंत लेकीची ही पाचवी शाळा. शिलाँगच्या वर्गात तिच्या शेजारी बसणारी मुलगी होती. एकीने पुस्तक विसरलं तर दुसरी सरकवायची. इथे वर्गातल्या मुली पहिलीपासून एकत्र. ही मागच्या बाकावर, नवीन. पुस्तक नसलं की उभं राहायचं आणि सगळ्यांनी वळून बघायचं. त्या भीतीपायी ती रोज तीन किलो जास्त वाहत होती. माझ्या लेआउटमध्ये हे वजन दिसलंच नव्हतं.

खरं तर मला हे कळायला हवं होतं. सेक्शन पेट्रोलवर निघते तेव्हा प्रत्येक जण सगळं उचलत नाही. एलएमजीची मॅगझिन वाटून घेतात, रेडिओ सेटच्या बॅटऱ्या एकाकडे, फावडं दुसऱ्याकडे. शेजारी बडी असतो म्हणून पिट्ठू हलका असतो. वीस वर्षं ज्या गोष्टीच्या भरवशावर चाललो, तीच माझ्या पोरीकडे नव्हती. आणि ती तिच्याकडे नव्हती याचं कारण मीच, म्हणजे माझ्या बदल्या.

त्या संध्याकाळी हे मी बायकोला सांगितलं. ती शांतपणे म्हणाली, “वजन मोजलंत, आता किंमतही मोजा.” आणि तिने कपाटातून एक वही आणून समोर ठेवली. लेक बालवाडीत गेली तेव्हापासूनचा शाळेचा हिशेब, दर पानावर ठाण्याचं नाव आणि साल. प्रत्येक पानावर तीन रकाने: ‘दरवर्षी’, ‘दोन-तीन वर्षांनी’ आणि ‘बदली’.

त्या एप्रिलचं पान असं होतं. दोघांची पुस्तकं आणि वर्कबुकं चार हजार. वह्या, कव्हरं, लेबलं बावीसशे. गणवेशाचे दोन-दोन जोड, टाय, पट्टा, हाउसचा टी-शर्ट मिळून सात हजार चारशे पन्नास. काळे आणि पांढरे बूट बेचाळीसशे. धाकट्याचं नवं दप्तर, डबा, बाटल्या दोन हजार. एकूण एकोणीस हजार आठशे पन्नास, फी सोडून. लेकीच्या दप्तराची चेन मोच्याकडून साठ रुपयांत बदलून घेतली होती, तेही कोपऱ्यात लिहिलेलं.

मला वाटायचं पुस्तकं महाग. पण एनसीईआरटीचं पहिली ते आठवीचं पुस्तक ६५ रुपयांना मिळतं. पुस्तकांचा आकडा फुगतो तो वरच्या वर्कबुकांनी. निम्म्याहून जास्त खर्च गणवेश आणि बुटांचा. आणि त्यातला गणवेश जवळजवळ सगळाच ‘बदली’च्या रकान्यात, कारण शिलाँगचे गणवेश धड होते, फक्त रंग वेगळा. एका साली तर बदली ऑक्टोबरात झाली. त्या पानावर बदलीचा रकाना दोनदा भरलेला. गणवेश एप्रिलमध्ये एकदा, ऑक्टोबरात पुन्हा. त्या वर्षी मी फील्डमध्ये होतो. फोनवर मी विचारलं असणार, “सगळं ठीक ना?” आणि तिने सांगितलं असणार, “ठीक.”

त्याच सुमाराला आमच्याकडचा सातारा भागातला एक नाईक रजा मागायला आला. नुकताच महिनाभराची रजा काढून आलेला, म्हणून कारण विचारलं. आधी म्हणाला, “घरी काम हाय साहेब.” मग खोदून विचारल्यावर बाहेर पडलं. दोन पोरांच्या शाळेचे अठरा हजार एकदम भरायचे होते. बायकोची बोरमाळ पतपेढीत गहाण ठेवायची, आणि सही करायला स्वतः जाणं भाग होतं.

गणवेश घ्यायला आम्ही माणिक चौकात गेलो होतो, किल्ल्याच्या पायथ्याच्या जुन्या बाजारात. तिथे मला विष्णुभट गोडसे आठवले होते. पेणजवळच्या वरसईचा हा भिक्षुक १८५७ साली घरच्या कर्जापायी उत्तरेकडे निघाला. बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार, दक्षिणा मिळेल, कर्ज फिटेल, एवढाच हिशेब. वाटेत बंड पेटलं. १८५८च्या वेढ्यात ते याच झाशीत अडकले, लुटले गेले, आणि शेवटी आईवडिलांसाठी गंगेच्या पाण्याची कावड खांद्यावर घेऊन घरी परतले. ‘माझा प्रवास’ आपण राणीसाहेबांसाठी वाचतो. नाईक समोर उभा असताना मला त्या पुस्तकाची सुरुवात आठवली. घरच्या देण्यापायी घराबाहेर पडलेला एक कर्ता माणूस.

मजा अशी की या नाईकाचे पैसे त्याला मिळणारच होते. मुलांच्या शिक्षणाचा भत्ता, ज्याला आपण सीईए म्हणतो, १ जानेवारी २०२४पासून दर मुलामागे महिना २८१२ रुपये ५० पैसे झाला. वर्षाचे ३३,७५०, दोन मुलांचे ६७,५००. बिलं जोडायची गरज नाही, शाळेच्या प्रमुखाचा दाखला पुरतो. अडचण फक्त एकच: तो वर्ष संपल्यावर एकदम मिळतो. खर्च एप्रिलमध्ये उभा राहतो आणि त्याचा भत्ता पुढच्या वर्षी येतो. मधल्या बारा महिन्यांत बोरमाळ गहाण पडते.

मी त्याला मागच्या भत्त्याचं विचारलं. तो आला होता. त्यातून घरची मोटर दुरुस्त झाली, चुलतभावाच्या लग्नात आहेर झाला. यात चूक काही नाही. एकदम आलेला पैसा बक्षिसासारखा वाटतो, मीही तो तसाच खर्चलाय. बायकोच्या वहीत मात्र भत्ता आला की तो ‘पुढचा एप्रिल’ म्हणून वेगळ्या खात्यात जातो आणि तिथून हलत नाही. पहिल्या वर्षीच काय ती ओढाताण होते. ती भरून काढायला तिने एक साल दर महिन्याला दीड-दोन हजारांची आवर्ती ठेव केली होती. दुसऱ्या वर्षापासून गाडी रुळावर.

नाईकाला युनिटमधून आगाऊ मदत केली. बोरमाळ घरीच राहिली. पुढच्या भत्त्यासाठी वेगळं खातं त्याने माझ्यासमोर उघडलं. मग बाकीच्या जवानांना बसवून हा हिशेब फळ्यावर लिहिला. फळ्यावरचा आकडा माझा नव्हता, मॅडमच्या वहीतला होता, हेही सांगितलं. तुमच्यापैकी जे अजून नोकरीत आहेत त्यांनी ही तीन रकान्यांची वही आजच सुरू करावी. जे निवृत्त झाले त्यांनी ती सुनेला-लेकीला सांगावी.

‘बदली’च्या रकान्यावर उपाय मात्र महिलांनीच काढला. बदलून जाणाऱ्या घरांनी चांगले गणवेश, टाय, पट्टे, पुस्तकं धुऊन-पुसून युनिटच्या फॅमिली वेल्फेअर सेंटरमधल्या एका रॅकवर ठेवायची, येणाऱ्यांनी मापाचं न्यायचं. नोंदवही नाही, पैसे नाहीत. मला ते पाहून कराडचा जून आठवला. आमच्या वेळी कोणी कोरी पुस्तकं घ्यायचं का? वरच्या वर्गातल्या पोराकडून अर्ध्या किमतीत सगळा संच, आईने खळीने चिकटवलेली वर्तमानपत्राची कव्हरं, जुन्या पँटचं शिवलेलं दप्तर. पुस्तकाच्या पहिल्या पानावर आधीच्या दोघा-तिघांची नावं खोडलेली असायची. एखादं गणित अडलं की त्या नावाच्या पोराच्या घरी जाऊन विचारायचं. पुस्तकाबरोबर विचारायला माणूसही मिळायचा, हे तेव्हा लक्षात आलं नव्हतं.

रॅकवरून लेकीने आठवीचं जुनं विज्ञान उचललं. आत एक नाव होतं, गेल्या वर्षी आठवीत असलेल्या मुलीचं. ती आमच्याच बसने जाणारी. लेकीने दोन दिवस विचार केला आणि मग एक दिवस बसमध्ये तिच्या शेजारी जाऊन बसली. तिच्यामुळे तिच्या धाकट्या बहिणीशी ओळख झाली, जी लेकीच्याच वर्गात होती. मी यातलं काही केलं नाही. मला हे सगळं मागाहून कळलं.

जुलैत सुट्टी संपली. एका सकाळी दप्तर बसमध्ये चढवताना हाताला हलकं लागलं. संध्याकाळी गुपचूप काट्याला लावलं. चार किलो सहाशे. आत हिंदी आणि गणित होतं, समाजशास्त्र आणि विज्ञान नव्हतं.

“पुस्तकं विसरलीस?”

“नाही. ती आणते ती.”

तळाला रेनकोट होता. दुसऱ्या दिवशी झाशीत धो धो पाऊस आला. बसमधून उतरताना लेकीने माझ्याकडे जसं पाहिलं, त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

पुढच्या वर्षी बहुतेक पुन्हा बदली. वहीतला तिसरा रकाना बायकोने आधीच आखून ठेवलाय. मी त्यात पेन्सिलीने एक ओळ घातली आहे, जिच्यासमोर रक्कम लिहिता येत नाही: नव्या ठाण्यावर पहिल्याच आठवड्यात लेकीच्या वर्गातली एक मुलगी आणि तिची आई चहाला बोलवायची.