आम्ही एकट्याच

आमच्या घरात उर्दू, शाळेतही उर्दू. 'हम' म्हणत वाढलो, म्हणून मराठीत लिहितानाही 'आम्ही'च येतं. वाचकांनी गैरसमज करून घेऊ नये. इमॅजिकाला आम्ही गेलो ते एकट्याच.

खोपोलीजवळचं हे थीम पार्क २०१३ साली सुरू झालं. शाळेच्या सहलीबरोबर आम्ही तिथे तीनदा गेलो, पण बसलो कशातच नाही. मुलींच्या पिशव्या आणि चपला सांभाळत बाकावर बसायचं अन् दर अर्ध्या तासाने डोकी मोजायची. एकदा ४२ ऐवजी ४१ भरली. तोंडचं पाणी पळालं. पोरगी नायट्रो नावाच्या रोलर कोस्टरच्या रांगेत दुसऱ्यांदा उभी होती. आम्ही रागावलो, तर म्हणाली, "मिस, एकदा बसून तर बघा!"

घरी विषय काढला. अम्मी म्हणाल्या, "शादी झाली की नवऱ्याबरोबर जा." आमचं वय ३६. महाबळेश्वर, स्कूटी, समुद्रकाठची खोली, सारं काही याच एका वाक्याखाली वर्षानुवर्षं घडी घालून ठेवलेलं. आम्ही म्हटलं, "अम्मी, तोवर गुडघे राहतील का?" त्या हसल्या. "मगरिबच्या आत घरी ये," एवढंच म्हणाल्या.

ज्या बहिणींना जायचं असेल त्यांच्यासाठी चार गोष्टी सांगतो. सुट्टीचा दिवस टाळावा. आम्ही मंगळवारी किरकोळ रजा टाकली. तिकीट आधीच काढावं. कर्जतपुढे पळसदरी, केळवली, डोळवली, लौजी आणि मग खोपोली. या मार्गावर गाड्या मोजक्या, म्हणून परतीची वेळ लिहून घ्यावी आणि घरीही देऊन ठेवावी. पाळण्यात लांब बुरखा, सैल ओढणी नको. सलवार-कमीज आणि शिवलेला, टाचणी नसलेला स्कार्फ बरा. पायात पट्ट्याचे बूट असावेत, कारण नायट्रोला पायाखाली तळच नाही. मोठे पाळणे सकाळीच उरकावेत, जेवण नंतर. मांसाबद्दल शंका असेल तर शाकाहारी जेवण घ्यावं. पातळ जानमाज पिशवीत ठेवावी. जोहरसाठी आम्ही तिथल्या एका कामगार बाईंना विचारलं, त्यांनी एक शांत कोपरा दाखवला.

नायट्रोपाशी मुलाने विचारलं, "मॅडम, किती जण?" सवयीने आम्ही मागे वळून मोजायला लागलो. मागे कोणीच नव्हतं. "एक," आम्ही म्हटलं. एकट्या माणसाचा एक फायदा असतो. कुठल्याही रांगेत एक जागा रिकामी राहतेच. आम्हाला लगेच बसवलं.

शेजारी कॉलेजची एक अनोळखी मुलगी होती. गाडी कुरकुरत वर चढली. वर क्षणभर सगळे डोंगर दिसले आणि मग पोटातलं सगळं गळ्यात आलं. वर्गात कधी लावला नाही असा आवाज लावून आम्ही "या अल्लाह!" ओरडलो. त्या मुलीने आमचा हात धरला होता की आम्ही तिचा, ते आता सांगता येणार नाही.

खाली उतरून आम्ही नेहमीच्या बाकावर बसलो. मांडीवर कुणाच्या चपला नव्हत्या. पाय थरथरत होते, हसू थांबत नव्हतं. पण सांगायला शेजारी कोणी नव्हतं, हेही खरं. आजूबाजूला सगळी कुटुंबं होती. तेवढं एक सहन करायची तयारी ठेवूनच निघावं.

अम्मींना फोन लावला.

"पडली तर नाहीस ना?"

"नाही."

"चक्कर?"

"नाही अम्मी."

थोडा वेळ त्या गप्प होत्या. मग हळूच म्हणाल्या, "आमच्यासारख्यांना बसता येईल, असं काही आहे का गं तिथे?"

आम्ही समोर पाहिलं. "आहे, अम्मी. घोड्यांचा पाळणा आहे. अगदी हळू फिरतो."